यशवंता, फिल्म मी फिरवलीच नव्हती

यशवंता, तुझ्या दिवसांना जो आला तो एकच वाक्य बोलून गेला. रेवदंड्याचे मास्तर काय, वाडीवाला परशा काय, नाक्यावरचा पानवाला काय, सगळ्यांचं एकच. "एवढा हुन्नरी माणूस, मुंबईवाले न्यायला तयार होते, पण गाव सोडून गेला नाही हो!" आणि मी तुझ्या ओटीवर बसून मान हलवत होतो. हो ना, नाही गेला. कुणाला बसायला पाट दे, कुणाला पाण्याचा तांब्या दे, आणि मान हलव. तेरा दिवस हेच केलं.

तू गाव सोडून गेला नाहीस, कारण मी तुला जाऊ दिलं नाही. तुला शेवटपर्यंत वाटत राहिलं की दत्तूच्या हातून चूक झाली. चूकबीक काही नव्हती. अलिबागला त्या लग्नाच्या फोटोंच्या वर्गात, तिसऱ्या दिवशी, मी फिल्म मुद्दाम फिरवली नाही. झालं, सांगून टाकलं. आता सावकाश बोलतो. तुलाही कुठे जायची घाई नाही आणि मला तर कधीच नव्हती.

आपला स्टुडिओ मीच उघडतो रोज. वहिनी म्हणाल्या, महिनाभर बंद ठेवा, लोक समजून घेतील. पण बंद ठेवून मी जाऊ कुठे? घरी जाऊन भिंतींशी बोलू? परवा मुरुडकडचा एक माणूस आला. जहाजावर नोकरी लागतेय, फोटो पाहिजे म्हणाला. त्याला स्टुलावर बसवला, दिवे लावले, मान जरा डावीकडे घ्यायला सांगितली आणि मी आपल्या जागेवर जाऊन उभा राहिलो. आपल्या जागेवर म्हणजे तुझ्या पाठीमागे, उजव्या खांद्यापाशी. उभा राहिलो तो राहिलोच. तो बिचारा मान वाकडी करून बसलेला. शेवटी म्हणाला, "काका, फोटो काढनारा कवा येल?" मी म्हटलं, "मीच की." आणि दोन पावलं पुढे झालो. घाईत बोट दाबलं, फोटो हलला. त्याला गुरुवारी परत बोलावलंय.

आपली काम करायची रीत बघून लोक हसायचे, आठवतं? एक कॅमेरा आणि दोन माणसं. पण तुझं म्हणणं खरं होतं. फोटो काढला की माणूस मान खाली घालून फिल्म फिरवत बसतो, आणि तेवढ्यात लग्नात जे व्हायचं ते होऊन जातं. कॅमेऱ्याच्या पाठीला ते लाल काचेचं बारीक भोक, त्यात डोळा घालून पुढचा आकडा दिसेपर्यंत चावी फिरवायची. नाही फिरवली तर दुसरा फोटो पहिल्याच्याच अंगावर बसणार. म्हणून तू माणसांवरची नजर काढायची नाहीस. फोटो झाला की मागे न बघता कॅमेरा खांद्यावरून मागे द्यायचास. दर फोटोला फ्लॅशचा एक बल्ब जळायचा, तो मी रुमालात धरून काढायचा, नवा लावायचा, चावी फिरवायची आणि "चल" म्हणून कॅमेरा तुझ्या हातात परत ठेवायचा. तुला ते "चल" ऐकल्याशिवाय बोट दाबता यायचं नाही. मी एकदा सर्दीने घसा बसलेला असताना नुसता कॅमेरा दिला, तर तू तसाच उभा. सासू सुनमुख बघून उठली तरी हा उभाच!

म्हणजे बघ, तू माझ्या शब्दावर चालत होतास. आणि नेमक्या त्याच शब्दाने मी तुला फसवलं.

अलिबागच्या वर्गाची बातमी तूच आणलीस. मे महिना होता, स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली असतील. मुंबईचे कोणी पाटणकर सर म्हणून, मोठा स्टुडिओ होता त्यांचा, ते शाळेच्या सुट्टीत तीन दिवस कुलाबा जिल्ह्यातल्या फोटोवाल्यांना लग्नाचे फोटो कसे काढायचे ते शिकवणार होते. तू सायकल अंगणात टाकून धावत आलास. मी म्हटलं, लग्नाचे फोटो शिकायला काय जायचं? नवरा उभा, नवरी उभी, ठक्. तू म्हणालास, "तुझ्या त्या ठक्मुळेच सगळ्या नवऱ्यामुली श्राद्धाला बसल्यासारख्या दिसतात." मग काय, गेलो.

एस.टी.त कॅमेरा तुझ्या मांडीवर, तुझ्या आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला. तिला कळलं असतं तर दोघांनाही बदडलं असतं. वरसोलीला माझ्या मावशीकडे उतरलो. मावशी म्हणाली, "लगीन लावणाऱ्या भटाला एक सकाळ पुरते आणि तुम्हाला बघायला तीन दिवस?" पण तीन दिवस रोज ओल्या काजूची उसळ तिने आपल्याला खायला घातली. माझी आई आदल्या दिवाळीत गेली होती. कुणीतरी पुढ्यात ताट ठेवतंय याचंच मला कौतुक वाटायचं. तू माझ्या ताटात तुझ्यातले काजू टाकायचास आणि वर तोंड वाकडं करून म्हणायचास, "मला नाही आवडत." त्यानंतरच्या चौदा वर्षांत तुला काजू नावडलेले मी दुसऱ्यांदा बघितले नाहीत.

शाळेत आपण अकराजण. पेणचा एक मूर्ती रंगवणारा होता, महाडचे दोघे सख्खे भाऊ होते, ते एकमेकांशी बोलत नसत आणि सगळ्या गोष्टी सरांमार्फत सांगत. पाटणकर सर तसे कडक. पहिल्या दिवशी म्हणाले, "लग्न तुमच्यासाठी थांबणार नाही. थांबवणाराला मी फोटोग्राफर मानत नाही." कुठे उभं राहायचं ते शिकवलं. मुलीच्या मामाच्या बाजूला, म्हणजे मामा तिला घेऊन येतो तेव्हा तिचं तोंड आपल्याकडे. लाल कुंकू फोटोत काळं का उमटतं ते सांगितलं. तू वहीत सगळं लिहून घेत होतास, मी वहीच्या मागच्या पानावर सरांचं नाक काढत होतो.

दुसऱ्या दिवशी सरावासाठी खोटं लग्न लावायचं ठरलं. शाळेच्या अंगणात दोन पाट मांडले. नवरा तू, कारण तू उंच. नवरी कोण? अकरा पुरुष एकमेकांची तोंडं बघायला लागले. मला तेव्हा मिशी धड नव्हती, सर म्हणाले, "हा." शाळेच्या टेबलावरचं हिरवं कापड माझ्या डोक्यावरून घेतलं. तुझा पंचा अंतरपाट म्हणून महाडच्या दोघा भावांनी दोन बाजूंनी धरला, तेही एकमेकांकडे न बघता. शेजारच्या देवळातले भटजी हौसेने आले खरे, पण मंगलाष्टकं म्हणायला तयार होईनात. म्हणाले, "खोट्या लग्नाला खरी मंगलाष्टकं म्हणणार नाही. उद्या काही झालं तर पाप माझ्या डोक्यावर." सरांनी हात जोडले, पण भटजी हटेनात. शेवटी त्यांनीच तोड काढली. मंगलाष्टकांच्या चालीवर सतराचा पाढा सुरू केला. "सतरा एकेऽऽ सतरा, सतरा दुणेऽऽ चौतीस..." आणि दर कडव्याला "सावधाऽऽन!" बाकीचे सगळे तांदूळ उधळताहेत, पेणवाला हसून हसून जमिनीवर बसलाय, सर ओरडताहेत "फोटो घ्या, फोटो घ्या!" आणि सतरा सत्ते म्हणताना भटजी अडखळले, तेव्हा तूच अंतरपाटापलीकडून त्यांना आकडा सांगितलास.

पंचा खाली आला. मी हिरव्या कापडातून वर बघितलं. सगळी शाळा हसत होती, एक तू हसत नव्हतास. माझ्याकडे सरळ बघत होतास, जसं कधी बघितलंच नव्हतं. पुढे कित्येक वर्षांनी मी विचारलं तर म्हणालास, "सरांनी सांगितलं होतं, नवऱ्याने हसायचं नाही." बरं, असेल.

त्याच दुपारी मी फिल्म धुवायचे ट्रे विसळायला विहिरीवर गेलो होतो. वर्गाच्या मागच्या पडवीत सर आणि तू बोलत होतात, मी भिंतीपलीकडे. सर म्हणाले, "माझ्याकडे ये मुंबईला. जागा आहे. तुझ्यासारखी नजर मी बऱ्याच वर्षांत बघितली नाही." तू काय बोललास ते ऐकण्याआधी पेणवाला रहाट कुरकुरवत पाणी काढायला आला. रहाट थांबेपर्यंत तुम्ही दोघे आत गेला होतात. सरांचं बोलणं त्याच्याही कानावर गेलं असणार, पुढे जिल्हाभर त्यानेच पसरवलं.

एवढंच ऐकलं मी. यशवंता, एवढंच.

मग मी वाट बघत बसलो. म्हटलं, आता सांगेल. संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो. ओहोटी होती, लोक किल्ल्यावरून चालत परत येत होते. तू बल्बबद्दल बोलत होतास. मी म्हटलं, सर काय म्हणत होते रे दुपारी? तू म्हणालास, "काही नाही, असंच." असंच! मावशीकडे जेवताना सांगशील म्हटलं, नाही. अंथरुणं घालताना सांगशील म्हटलं, नाही. तू भिंतीकडे तोंड करून झोपलास आणि लगेच घोरायला लागलास. लहानपणापासून तुझ्या पायात काटा रुतला तरी आधी मला दाखवायचास. आणि एवढी मोठी गोष्ट तू पोटात ठेवलीस. मला वाटलं, हा आत्ताच गेलेला आहे, नुसतं अंग इथे आहे.

आणि मला भीती वाटली. आज सांगतो, कारण तेव्हा माझं मलाही कबूल नव्हतं. आई गेल्यावर माझ्या घरात हाक मारत येणारा माणूस तू एकटा होतास. सकाळी सायकलची घंटा वाजायची, "दत्त्या, मेलास काय?" म्हणून. तेवढ्यासाठी मी उठायचो. तू मुंबईला गेलास की चौलला माझ्यासाठी कोण होतं? नारळी होत्या, त्या काही घंटा वाजवत नाहीत.

तिसरा दिवस. अलिबागच्या एका वकिलांच्या मुलीचं खरं लग्न होतं, सरांनी त्यांची परवानगी घेतली होती. जोड्याजोड्यांना चिठ्ठ्या टाकून लग्नाचा एकेक भाग वाटून दिला. पेणवाल्याला गौरीहार, महाडच्या भावांना सप्तपदी. आपल्याला अंतरपाट ते माळा. सगळ्यात अवघड, सगळ्यात चांगला भाग. सहा बल्ब हातात दिले आणि सर म्हणाले, "सहाच. जपून."

मामा मुलीला घेऊन आला. तू नेमका जागेवर. पहिला बल्ब पेटला, मंडपात सगळे एकदम दचकले, आणि तुझा हात मागे आला. मी कॅमेरा घेतला. रुमालात गरम बल्ब काढला, दुसरा लावला. अंगठा चावीवर ठेवला. आणि तसाच ठेवला.

"चल."

तू घेतलास. तुला शंका यायचं कारणच नव्हतं. अंतरपाट दूर झाला, दुसरा बल्ब. हात मागे आला. एकदाच झालं असतं तर म्हणता आलं असतं की चुकून झालं. दुसऱ्या वेळी मी फिरवू शकलो असतो, उरलेले चार तरी आले असते. मी "चल" म्हटलं. तिसऱ्या वेळी तू हळूच म्हणालास, "दत्त्या, काय सुंदर येतंय रे!" मी "चल" म्हटलं. पाचच्या पाच वेळा म्हटलं, यशवंता. एकदाही जीभ अडखळली नाही.

संध्याकाळी शाळेच्या कोठीत अंधार करून फिल्म धुतली. सरांनी पट्टी दिव्यासमोर धरली. एक चौकोन काळा ठिक्कर आणि बाकी सगळी पट्टी कोरी. त्या चौकोनात नीट बघितलं तर हात दिसत होते, कितीतरी हात, आणि माळा, आणि एकावर एक सहा नवऱ्या. सरांनी पट्टी खाली ठेवली. मग म्हणाले, "फिल्म फिरवायचं काम कुणाचं होतं?"

तू म्हणालास, "माझं, सर. राहिलं माझ्याकडून."

श्वाससुद्धा घेतला नाहीस मध्ये. आपली रीत तीन दिवस सगळ्यांनी बघितली होती, सगळ्यांना माहीत होतं चावी कोण फिरवतो. सरांनी माझ्याकडे बघितलं. मी पायाकडे बघितलं. सर "बरं" म्हणाले आणि पुढची पट्टी उचलली. वकिलांचं काही बिघडलं नाही, सर स्वतः दुसऱ्या बाजूने फोटो घेत होते. बिघडलं ते तुझं. निघताना सरांनी मुंबईचं नावही काढलं नाही.

परत येताना तू मला खिडकीपाशी बसवलंस. नागाव मागे गेलं तेव्हा म्हणालास, "होतं असं. मनाला लावून घेऊ नकोस." मी बाहेर बघत राहिलो. तेव्हा बोललो असतो तर तू मला दोन ठेवून दिल्या असत्यास आणि चौल येईपर्यंत सगळं संपलं असतं. कदाचित दुसऱ्या दिवशी पत्र लिहून सरांना सगळं कळवताही आलं असतं. मी बोललो नाही.

पण काय वर्षं गेली रे पुढे! आगरदांड्याचं आठवतं? पलीकडे दिघीच्या बाजूला लग्न होतं. वऱ्हाड पहिल्या होडीने पुढे गेलं आणि आपली होडी ओहोटीत चिखलात रुतली. पोचलो तर अक्षता पडून गेलेल्या. तू नवऱ्याच्या बापाला म्हणालास, माळा परत घालायला सांगा, एक मिनिटाचं काम. तर नवरीची आजी काठी घेऊन उठली. "न्हाय न्हाय! माझ्या नातीचं लगीन एकदाच लागतं, तुमच्या डब्यासाठी पुन्ना न्हाय लावायचं!" मग तू तिच्याच शेजारी बसलास, तिच्या चंचीतलं पान खाल्लंस, आणि नात तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली तेव्हा हळूच कॅमेरा उचललास. मी "चल" म्हटल्याबरोबर. तसा फोटो जिल्ह्यात कुणी काढला नसेल.

आणि आपलं ते भांडण अर्धंच राहिलं. मी धुतलेल्या फिल्मवर पेन्सिल फिरवून नवऱ्यामुलींची तोंडं उजळ करायचो, लोकांना आवडायचं. तू चिडायचास. "तिच्या नवऱ्याने तिला तशीच बघितलीय, तू कोण गोरी करणारा?" मी म्हणायचो, तिच्या सासूला विचार. गेल्या महिन्यातही यावरूनच वाजलं. तू म्हणालास, "ह्याचं मी एकदा शेवटचं सांगणार आहे," आणि तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. काय सांगणार होतास कोण जाणे. पेन्सिल मी आता हातात घेतलेली नाही, घेववत नाही.

परवा, तेराव्यानंतर, वहिनींकडे गेलो होतो. तुझी पोर शालू शाळेत गेलेली. वहिनी तुझे सदरे घडी करून ठेवत होत्या. कुणीतरी सकाळी परत तेच बोलून गेलं असावं, मुंबईचं. वहिनी म्हणाल्या, "भावजी, लोकांना वाटतं ते गावासाठी राहिले. खरी गोष्ट तुम्हाला तरी माहीत असायला हवी. आता ते नाहीत, आता सांगायला हरकत नाही."

मला वाटलं, तुला कळलं होतं.

वहिनी म्हणाल्या, "त्या सरांनी बोलावलं तेव्हा ह्यांनी सांगितलं होतं, आम्ही दोघं येऊ. एकटा नाही यायचा. आमचं दोघांचं मिळून एक काम आहे. सर म्हणाले, मग उद्याच्या लग्नात दोघांचं काम बघतो आणि ठरवतो. नक्की झाल्याशिवाय तुम्हाला सांगायचं नाही असं ह्यांच्या मनात होतं. नाही जमलं तर तुम्ही हिरमुसाल म्हणून. आईंना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं ना तुमच्या."

मी घडी घातलेल्या सदऱ्यांकडे बघत राहिलो.

"आणि मग ती फिल्म राहिली तुमच्याकडून. मला लग्नानंतर सांगितलं त्यांनी हे सगळं, आणि म्हणाले, दत्त्यापुढे कधी तोंडातून काढू नकोस. त्याला कळलं की त्याच्या हातून दोघांचं गेलं, तर तो जन्मभर कुढत बसेल."

यशवंता, त्यांना मी सगळं सांगितलं. विहिरीपासून सहाव्या बल्बपर्यंत. डोकं वर न करता सांगितलं. वहिनींच्या हातात तुझा तो निळा सदरा होता, त्याची घडी त्यांनी मोडली, परत घातली, परत मोडली. मला वाटलं, आता म्हणतील, उठा आणि चालते व्हा. तसं म्हटलं असतं तर मी उठलो असतो.

शेवटी म्हणाल्या, "पुढच्या वैशाखात ते नागावला आमच्या शेजारच्या लग्नाचे फोटो काढायला आले होते. मुंबईला गेले असते तर आले असते का?" आणि एकदम हसल्या. तू गेल्यापासून पहिल्यांदा. "म्हणजे माझं लग्न तुम्ही जमवलंत भावजी." मग तोंडाला सदरा लावून रडल्या. मीही रडलो. त्यांनी मला माफ केलं असं मी समजायचं, असं दिसतं. चांगली बाई आहे तुझी बायको, तुला पुरेशी कळली होती की नाही कोण जाणे.

पण माफ करायचं होतं ते त्यांनी नाही, तू. आणि मी घरी येऊन हिशेब लावत बसलो की तू काय काय गिळलंस. "माझं, सर," म्हणालास तेव्हा तुला वाटलं दत्तूची चूक झाली, आणि ती चूक स्वतःच्या अंगावर घेतलीस. त्यात मुंबई गेली, तुझी एकट्याची नव्हे, आपली. तरी चौदा वर्षांत एकदा रागाच्या भरात, एकदा चेष्टेत, एकदा भांडणातसुद्धा तू म्हणाला नाहीस की अरे गाढवा, मी तुझ्यासाठीही जागा मागितली होती. मला बोचेल म्हणून म्हणाला नाहीस. मी तुझ्यापासून माझा गुन्हा लपवत होतो आणि तू माझ्यापासून माझ्याच चुकीची किंमत लपवत होतास, आणि आपण दोघे रोज त्या एवढ्याशा खोलीत एकमेकांना खेटून काम करत होतो.

तुला विचारायला हवं होतं. त्या संध्याकाळी किनाऱ्यावर नुसतं विचारायचं होतं, यशा, मला सोडून चाललास काय? तू हसला असतास. म्हणाला असतास, येड्या, तुला घेऊन चाललोय.

इतके दिवस मी स्वतःला समजावत होतो की मी तुला ठेवून घेतलं. अरे, तू कुठे निघाला होतास? तू तर माझाच हात धरून उभा होतास, आणि मी तो पाच वेळा झटकला.

आता मोकळा झालो असं लिहायची पद्धत असते, पण तसं काही झालेलं नाही. उलट एक गोष्ट राहिलीय, तीही ऐक. हे सगळं तुला सांगतोय ते तू ऐकायला नाहीस म्हणून. तू उद्या सकाळी सायकलची घंटा वाजवत दारात आलास ना, तर मी धावत येईन, तुझ्याबरोबर स्टुडिओ उघडीन, तुझ्या पाठीमागे उभा राहीन, आणि यातलं एक अक्षर तुला सांगणार नाही.